ब्रांच ठरेना म्हणून गेले होते : समुपदेशनाच्या सहा बैठकांबद्दल, दोन वर्षांनी

एमबीबीएसनंतरच्या इंटर्नशिपचे शेवटचे पाच महिने उरले होते आणि भेटेल तो एकच विचारायचा, "मग, कोणती ब्रांच?" माझं उत्तर रोज बदलायचं. मेडिसिनच्या राउंडला असले की मेडिसिन, सर्जरीच्या सरांनी दोन टाके घालू दिले की सर्जरी, आणि रात्री हॉस्टेलवर परतले की काहीच नको. त्याच आठवड्यात समुपदेशन केंद्राची नोटीस लागली : पीजीची (पदव्युत्तर शिक्षणाची) शाखा निवडण्यासाठी मार्गदर्शन, एकूण सहा बैठका, दोन गटात आणि चार एकट्याने. मी नाव दिलं.

आज मी ॲनेस्थेशियाच्या, म्हणजे भूलशास्त्राच्या, रेसिडेन्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बैठका संपल्याच्या दिवशी अभिप्रायाचा फॉर्म भरला होता, त्यात सगळ्याला पाचपैकी पाच दिले होते. पण अशा सेवेचा हिशोब त्याच दिवशी लागत नाही. निर्णय घेऊन, त्या निर्णयाच्या रात्रपाळ्या करून झाल्यावरच काय उपयोगी पडलं ते कळतं. म्हणून हा अभिप्राय आत्ता लिहिते आहे. काही तक्रारी आहेत, त्यामुळे केंद्राचं नाव देत नाही. पण असे कार्यक्रम अनेक ठिकाणी चालतात, आणि नाव नोंदवण्याआधी त्यात काय पाहावं एवढं यातून नक्की कळेल.

पहिल्या बैठकीत दोन प्रश्नावल्या भरून घेतल्या. एक करिअरचा निर्णय घेण्याबाबतच्या आत्मविश्वासाची. टेलर आणि बेट्झ या दोघींनी १९८३ मध्ये केलेली मूळ प्रश्नावली पन्नास प्रश्नांची आहे, आम्हाला १९९६ ची पंचवीस प्रश्नांची छोटी आवृत्ती दिली होती. तुला काय व्हायचंय, असं ती विचारतच नाही. अमुक एक गोष्ट तू करू शकशील याची तुला कितपत खात्री आहे, एवढंच विचारते. स्वतःला नीट ओळखणं, माहिती मिळवणं, ध्येय निवडणं, पुढची आखणी करणं आणि अडचण आली तर वाट काढणं, असे तिचे पाच भाग आहेत. दुसरी प्रश्नावली ताणाला आपण कसं तोंड देतो याची, कार्व्हर यांची १९९७ ची 'ब्रीफ कोप'. अठ्ठावीस वाक्यं, त्यांतून चौदा पद्धती तपासायच्या, प्रत्येकीला दोन वाक्यं. नियोजन, मदत मागणं, स्वीकार, स्वतःला दोष देणं, नाकारणं, प्रयत्न सोडून देणं, मन दुसरीकडे वळवणं वगैरे. आपण ते किती करतो, ते एक ते चारमध्ये सांगायचं.

एकट्याच्या पहिल्या बैठकीत समुपदेशक मॅडमनी माझा कागद समोर ठेवला. माहिती मिळवण्याच्या भागात मला जवळजवळ पैकीच्या पैकी होते. ध्येय निवडण्याच्या भागात सगळ्यांत कमी. आणि दुसऱ्या कागदावर 'नियोजन' पूर्ण, आठपैकी आठ. मला बरं वाटलं. नियोजन तर चांगलंच असतं ना?

"कसलं नियोजन करतेस, दाखवशील?" त्यांनी विचारलं.

मी लॅपटॉप उघडून माझा तक्ता दाखवला. एकोणीस शाखा आणि चौदा रकाने. रात्रपाळ्या, शिक्षणाची वर्षं, हातांनी करायचं काम, पेशंटशी बोलायला मिळणारा वेळ, तातडीचे प्रसंग, वयाच्या पन्नाशीत झेपेल का, असं बरंच काही. प्रत्येक रकान्याला एक ते पाच वजन, आणि शेवटी बेरीज. चार महिने मी तो भरत होते.

"शेवटचा बदल कधी केलास?"

"काल रात्री दीड वाजता."

"काय बदललंस?"

"रात्रपाळीच्या रकान्याचं वजन तीनचं चार केलं."

"आणि त्याच्या आधी काय झालं होतं?"

मला आठवायला वेळ लागला. त्याच्या आधी बाबांचा फोन आला होता. 'सर्जरीचं ठरलं का गं?' एवढंच त्यांनी विचारलं होतं. मी 'बघते' म्हणून फोन ठेवला आणि लगेच तक्ता उघडला. तो उघडला की छातीतली धडधड थांबायची. आपण काहीतरी करतोय असं वाटायचं आणि झोप लागायची. चार महिन्यांत त्या तक्त्यातून एकही शाखा बाद झाली नव्हती. एकोणीसच्या एकोणीस शिल्लक होत्या.

या सगळ्या सेवेची किंमत माझ्या लेखी त्या दहा मिनिटांत आहे. माझ्याकडे माहिती कमी आहे, आणखी थोडी मिळाली की निर्णय आपोआप होईल, असं मी धरून चालले होते. प्रत्यक्षात मी निर्णयापासून पळत होते, आणि ते पळणं अभ्यासासारखं दिसत असल्यामुळे मलाही ओळखू आलं नव्हतं. प्रश्नावलीलाही आलं नाही. तिने त्याला 'नियोजन' म्हटलं आणि आठपैकी आठ दिले. समोर माणूस होता म्हणून पकडलं गेलं. नुसता ऑनलाइन फॉर्म भरून निकाल हातात देणारी सेवा असती, तर मी तो आठाचा आकडा घेऊन आनंदाने पंधरावा रकाना टाकला असता. म्हणून कोणी मला विचारलं, की असं मार्गदर्शन निवडताना काय पाहू, तर मी आधी हेच सांगते : तुझे आकडे घेऊन तुझ्याशी बोलायला कोण बसणार आहे आणि किती वेळ, ते विचार.

मॅडमनी पुढे जे समजावलं ते मी वहीत लिहून ठेवलं आहे. लाझारस आणि फोकमन या मानसशास्त्रज्ञांची १९८४ सालची मांडणी आहे. ताण समोर आला की आपण आधी तोलतो, हे माझ्यासाठी किती धोक्याचं आहे, आणि मग तोलतो, माझ्या हातात काय आहे. त्यानंतरचं वागणं ढोबळमानाने दोन प्रकारचं : प्रश्नावर काम करणं किंवा प्रश्नामुळे उठलेल्या भावनेवर काम करणं. त्यात एक चांगलं आणि एक वाईट असं नसतं. परीक्षा देऊन झाली आणि निकाल यायचाय, तर त्या निकालावर काम करता येत नाही. तिथे मैत्रिणीशी बोलणं, फिरायला जाणं, जे होईल ते स्वीकारायची मनाची तयारी करणं हेच बरोबर. पण शाखा निवडणं माझ्या हातात होतं, आणि तिथे मी फक्त धडधड शांत करत होते.

मग गृहपाठ मिळाला. चौदा दिवस रोज रात्री तीन ओळी लिहायच्या : निर्णयासंबंधी आज काय केलं, ते करण्याआधी मनात काय होतं, आणि ते केल्यावर निर्णय जरा तरी पुढे सरकला का. चौदापैकी अकरा दिवस माझं उत्तर होतं, 'तक्ता, भीती, नाही.' ती अकरा पानं सलग पाहिल्यावर मी स्वतःच तक्ता बंद केला. कुणी तसं सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या आणि चौथ्या बैठकीत आत्मविश्वास येतो कुठून, यावर बोलणं झालं. मानसशास्त्रज्ञ बंडुरा यांनी १९७७ मध्ये त्याचे चार झरे सांगितले आहेत : स्वतः करून जमलेलं काम, आपल्यासारख्याच कुणाला ते करताना पाहणं, दुसऱ्याचे धीराचे शब्द, आणि शरीराच्या अवस्थेचा आपण लावलेला अर्थ. सगळ्यांत जोरदार पहिला. आम्हा विद्यार्थ्यांना भरपूर मिळतो तो तिसरा. 'तू हुशार आहेस, तू काहीही करशील' हे मी शाळेपासून ऐकत आले होते, आणि नेमकं 'काहीही करशील' यामुळेच एक निवडणं अवघड झालं होतं. चौथ्याने तर माझं खरंखुरं नुकसान केलं होतं. ओटीत शिरताना माझे हात थंड पडायचे आणि नाडी जोरात चालायची. त्याचा अर्थ मी लावला होता, 'ऑपरेशन थिएटर माझं नाही.' मॅडमनी विचारलं, "पहिल्यांदा बाळंतपण केलंस तेव्हा नाडी किती होती?" तेव्हाही तशीच होती. शरीर तेच सांगत होतं, अर्थ मी वेगळा लावला होता.

पाचवी बैठक होण्याआधी त्यांनी मला तीन ठिकाणी तीन-तीन अर्धे दिवस बसायला पाठवलं : सर्जरीची ओपीडी, आयसीयू आणि ॲनेस्थेशियासोबत ओटी. परवानगीची पत्रं केंद्राने दिली. ही सोय मोलाची आहे, कारण इंटर्नने आपणहून मागितली तर कोणी दारात उभं करत नाही. बरोबर एक सूचना होती : रेसिडेंटना 'ब्रांच कशी आहे?' असं विचारू नकोस. 'काल रात्री दोन वाजता तू काय करत होतास?' असं विचार. या एका प्रश्नाने मला त्या चौदा रकान्यांपेक्षा जास्त कळलं. सर्जरीचा रेसिडेंट म्हणाला, ड्रेसिंग बदलत होतो, आणि सांगताना त्याचा चेहरा खुलला. मला ते करताना कधी तसं वाटलं नव्हतं.

ओटीतला दुसरा दिवस. पेशंटला भूल दिलेली, श्वास थांबलेला, आणि सीनियर ताईंनी मास्क माझ्या हातात दिला. स्वतः शेजारी उभ्या राहिल्या. डावा अंगठा आणि तर्जनी मास्कवर, उरलेली तीन बोटं जबड्याच्या हाडाखाली. मी बॅग दाबली तर गालाजवळून हवा निसटली. छाती हलली नाही. मी आणखी जोरात दाबलं.

"मास्क चेहऱ्यावर दाबू नको," ताई म्हणाल्या, "चेहरा मास्कमध्ये उचल."

करंगळी जबड्याच्या कोपऱ्यामागे नेऊन वर उचललं. बॅग हातात एकदम वेगळी लागली, भरीव. छाती वर आली, खाली गेली. मॉनिटरवर कार्बन डायऑक्साइडची चौकोनी लाट उमटली, मग दुसरी, मग तिसरी. माझे हात तेव्हाही थंडच होते. पण त्या दीड मिनिटात मला त्यांची आठवणही झाली नाही. डायरीत त्या रात्री तीन ओळींऐवजी दोन पानं झाली.

त्यानंतर एकोणीसचे तीन आणि तीनाचे एक व्हायला दोन आठवडे लागले. शंका गेल्या नाहीत. पहिल्या वर्षात एका अवघड इंट्युबेशननंतर (श्वासनलिकेत नळी घालताना) जिन्यात बसून रडले आहे आणि 'चुकलं का आपलं' असंही वाटून गेलं आहे. फरक इतकाच पडला, की त्या रात्री मी काय करते आहे हे मला दिसत होतं. दुसऱ्या दिवशी मी ताईंकडे जाऊन म्हटलं, "काल माझं कुठे चुकलं, पुन्हा दाखवा." इंटर्नशिपमधली मी अशा रात्री दुसऱ्या शाखांची माहिती वाचत बसले असते. बैठकांमधून शाखा मिळाली ती मिळालीच, पण ही सवय रोज कामी येते.

घरच्यांबाबत मात्र केंद्राने हात आखडता घेतला. गाती आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये निर्णयातल्या अडचणींची जी वर्गवारी केली, तिच्यात जवळच्या माणसांशी होणारा संघर्ष हा वेगळा घटक म्हणून नोंदलेला आहे. म्हणजे ही काही माझ्या एकटीच्या घरातली गोष्ट नव्हे. तरी सहा बैठकांत त्यासाठी एकही नव्हती. 'आई-बाबांना घेऊन येऊ का?' असं मी विचारलं, तर तशी सोय नसल्याचं सांगितलं. बाबांशी बोलण्याची तयारी मी मॅडमसोबत वीस मिनिटांत केली, तीही त्यांनी वेळेबाहेर थांबून. बाबा ऐकून घेऊन एवढंच म्हणाले, "तू आधी का नाही बोललीस?" पण सगळ्यांचे बाबा असं म्हणत नाहीत, आणि माझ्या दोन मैत्रिणी इथेच अडकल्या.

आता मोठी तक्रार. गटाच्या बैठकीत प्रत्येकाला छापील अहवाल दिला, आणि त्यात ताणाच्या प्रश्नावलीच्या सगळ्या उत्तरांची एक बेरीज करून 'तुमचा कोपिंग स्कोअर' असा आकडा दिला होता. हे साफ चूक आहे. ती प्रश्नावली एकत्रित गुणांसाठी केलेलीच नाही. नियोजन आणि नाकारणं, मदत मागणं आणि स्वतःला दोष देणं, यांची बेरीज करून काय हाती लागणार? जो सगळंच खूप करतो त्याचा आकडा मोठा येतो, एवढंच. शिवाय ते अहवाल नाव पुकारून वाटले. शेजारचा मुलगा माझ्या आकड्याशी स्वतःचा आकडा ताडून पाहत होता. मी मॅडमकडे हे बोलले तेव्हा त्यांनी मान्य केलं, अहवालाचा नमुना त्यांच्या हातात नव्हता म्हणाल्या. पुढच्या तुकडीलाही तोच नमुना गेला. ज्यांना एकट्याच्या बैठकीपर्यंत जायचं नव्हतं, ते तो आकडाच घेऊन घरी गेले.

पंचवीस प्रश्नांची प्रश्नावलीही आमच्यासाठी थोडी सैल बसते. ती मुळात कोणता विषय, कोणता व्यवसाय घ्यावा अशा टप्प्यावरच्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. आम्ही व्यवसाय आधीच निवडलेला, प्रश्न त्याच्या आतल्या वाटेचा. मॅडम प्रत्येक प्रश्न 'शाखा' धरून वाचायला सांगत होत्या, त्यामुळे काम भागलं. आत्मविश्वासाचा आकडा जास्त आला म्हणजे निर्णय चांगला, असंही कोणी समजू नये. आमच्या गटात सर्वाधिक गुण एका मित्राला होते, पहिल्या वर्षापासून ऑर्थो (हाडांची शाखा) ठरलेलं. मॅडमनी विचारलं, ऑर्थोच्या ओपीडीत किती दिवस बसलास? एकही नाही. त्यालाही अर्ध्या दिवसांवर पाठवलं. त्याने ऑर्थोच घेतलं आणि तो खूश आहे, पण आता त्याला का ते सांगता येतं.

जागेबद्दलही लिहायला हवं. केंद्राची खोली परीक्षा विभागाच्या शेजारी आहे, बाहेर कायम रांग. आत जाताना चार ओळखीची माणसं दिसणारच. मी शाखेसाठी जात होते म्हणून मला त्याचं विशेष वाटलं नाही. पण माझ्या एका वर्गमित्राने त्याच कारणाने दुसऱ्या बैठकीनंतर येणं सोडलं. त्याला शाखा ठरत नव्हती, कारण त्याला काहीच ठरत नव्हतं. सकाळी उठणं, जेवणं, फोन उचलणं, सगळंच अवघड झालं होतं. ते नैराश्य होतं, आणि गटाच्या बैठकीत 'निर्णयातली अनिश्चितता' म्हणून ते नजरेआड झालं. २०१६ मध्ये जामा या नियतकालिकात ४३ देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता : वैद्यकीय विद्यार्थ्यांमध्ये नैराश्य किंवा त्याची लक्षणं २७.२ टक्के, आणि ज्यांच्यात ती आढळली त्यांच्यातले उपचारांपर्यंत पोचलेले फक्त १५.७ टक्के. हा आकडा समोर असताना अशा कार्यक्रमाच्या पहिल्याच दिवशी मनःस्थितीची चाचणी आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्याचा गुपचूप, सोपा रस्ता असायलाच हवा. इथे तो नव्हता. मित्र शेवटी त्याच्या रूममेटमुळे डॉक्टरांकडे पोचला आणि आता बरा आहे. पण मधले चार महिने त्याचे फार वाईट गेले, आणि ते टळू शकले असते, याचा मला अजून त्रास होतो.

वेळापत्रक पोस्टिंगशी जुळत नाही. माझी एक बैठक कॅज्युअल्टीच्या ड्युटीमुळे बुडाली आणि बदली वेळ मिळायला तीन आठवडे गेले.

तर जावं का? जावं, पण एकट्याच्या बैठका असतील तरच. आकड्यांच्या अहवालापुरतं असेल तर तो वेळ एखाद्या ओटीत किंवा ओपीडीत घालवा. शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला गेलात तर जास्त बरं, माझ्यासारखं पाच महिने उरल्यावर नको. जाताना तुम्ही निर्णयासाठी जे काही करत असाल ते सोबत न्या : तक्ता, वही, बुकमार्क केलेले व्हिडिओ, काय असेल ते. आणि उठणं-बसणंच जड झालं असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, शाखा थांबू शकते.

सहा बैठकांनंतर केंद्राकडून कोणीही पुन्हा विचारपूस केली नाही, हीदेखील उणीवच आहे. वर्षभराने एक बैठक ठेवायला हवी, कारण खरे प्रश्न तेव्हा पडतात. मला आता आयसीयूकडे वळायचं की हृदयाच्या ॲनेस्थेशियाकडे, हा प्रश्न पडला आहे. परवा पाहिलं तर लॅपटॉपवर नवा तक्ता सुरू झाला होता, पाच रकाने. तो बंद करून मॅडमना मेल केला. पुढच्या मंगळवारी चारची वेळ मिळाली आहे.